प्रकाशाला वस्तुमान नाही, मग सूर्य त्याला वळवतो कसा?

खडूफळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. केप्लरचे तीन नियम, न्यूटनचं सूत्र, मुक्त पतन, मुक्तिवेग, चार उदाहरणं, की पुढचा धडा, असं दरवर्षी चालतं. यंदा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मला थांबवलं.

ती म्हणाली, "सर, सूत्रात दोन वस्तुमानांचा गुणाकार आहे. प्रकाशाचं वस्तुमान शून्य, म्हणजे गुणाकार शून्य, म्हणजे बल शून्य. मग सूर्याजवळून जाताना प्रकाश वाकतो असं का म्हणतात?"

दुसऱ्या दिवशी मी घरून चादर नेली. चौघांना चार कोपरे धरायला लावले, मधे गोळाफेकीचा लोखंडी गोळा ठेवला आणि कडेने गोटी सोडली. गोटी वळत वळत गोळ्याकडे गेली. वर्ग खूश झाला. ती मात्र म्हणाली, "सर, गोटी खड्ड्यात जाते कारण पृथ्वी तिला खाली ओढते. अंतराळात चादरीच्या खाली कोण ओढतं?"

मी "उद्या सांगतो" म्हटलं. त्याला चार दिवस झाले. मला तिला खरं उत्तर द्यायचंय, आणि ते आधी मला स्वतःला समजायला हवंय. कृपया गणित कमीत कमी ठेवून कोणी सांगेल का?

उत्तररात्र

सर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. चादरीवरचा हा आक्षेप एम.एस्सी.ला आलेली मुलंसुद्धा फार क्वचित घेतात. आक्षेप बिनतोड आहे. गुरुत्वाकर्षण समजावताना आपण गुपचूप पुन्हा गुरुत्वाकर्षणाचीच मदत घेतो.

पण तिचा पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं अर्धं उत्तर न्यूटनकडेच आहे. "अर्धं" हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बलाच्या सूत्रात पडणाऱ्या वस्तूचं वस्तुमान आहे, बरोबर. पण वस्तू किती त्वरणाने पडेल हे काढताना त्या बलाला पुन्हा त्याच वस्तुमानाने भागायचं असतं. वर m, खाली m, दोन्ही गेले. म्हणून जड-हलकं सगळं सारखंच पडतं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले. ती चित्रफीत वर्गात जरूर दाखवा. पडणारी वस्तू कितीही हलकी करत न्या, पडणं बदलत नाही. तेव्हा "वस्तुमान शून्य म्हणून प्रकाश पडणार नाही" असा निष्कर्ष सूत्रातून निघत नाही. सूत्र तिथे शून्य भागिले शून्य होऊन गप्प बसतं.

हा विचार जुना आहे. योहान फॉन सोल्डनर या जर्मन खगोलज्ञाने १८०१ मध्ये न्यूटनच्याच नियमांनी गणित करून सांगितलं होतं की सूर्याला घासून जाणारा किरण ०.८४ विकला वळेल. अंशाचे ६० भाग म्हणजे कला, कलेचे ६० भाग म्हणजे विकला, पंचांगात असतात त्याच.

आणि आता लिफ्ट. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत असताना आइनस्टाइनला सुचलं की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही. उलट, अंतराळात दूर कुठेतरी एखादी बंद लिफ्ट वरच्या दिशेने सतत वेग वाढवत ओढली, तर आतल्या माणसाला आपण पृथ्वीवरच उभे आहोत असं वाटेल. त्या लिफ्टमध्ये एका भिंतीवरून समोरच्या भिंतीवर टॉर्च मारा. प्रकाश पलीकडे पोचेपर्यंत लिफ्ट थोडी वर सरकलेली असते, म्हणून ठिपका किंचित खाली पडतो. आतल्याला प्रकाश वाकलेला दिसतो. आता लिफ्ट आणि पृथ्वी यांत आतून फरकच करता येत नसेल, तर पृथ्वीवरही प्रकाश वाकलाच पाहिजे.

किती? जमीन सपाट आहे असं धरून किरण आडवा ३०० किलोमीटर जाऊ द्या. त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात कुठलीही वस्तू ५ मायक्रोमीटर पडते, मिलिमीटरचे दोनशे भाग केले तर त्यातला एक. प्रकाशही तेवढाच पडतो. तो पडतोच, पण इतक्या घाईने निघून जातो की आपल्याला पत्ता लागत नाही.

पायवाट

मस्त समजलं. पण मग १८०१ सालीच उत्तर मिळालं होतं की. आइनस्टाइनचं त्यात वेगळं काय?

उत्तररात्र

दुप्पट.

१९११ मध्ये प्राग इथे असताना आइनस्टाइनने लिफ्टच्या युक्तिवादावरून आकडा काढला तो ०.८३ विकला, म्हणजे सोल्डनरच्या जवळपास तेवढाच. तो तपासायला एर्विन फ्रॉइंडलिख हे जर्मन खगोलज्ञ २१ ऑगस्ट १९१४ च्या खग्रास ग्रहणासाठी क्रिमियात गेले. तोवर पहिलं महायुद्ध पेटलं. रशियाच्या दृष्टीने ते शत्रुदेशाचे नागरिक, सोबत दुर्बिणी आणि कॅमेरे, त्यामुळे ते स्थानबद्ध झाले आणि मोजमाप राहून गेलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत, म्हणजे व्यापक सापेक्षता, पूर्ण झाला तेव्हा आकडा जवळपास १.७ निघाला, आधीच्या दुप्पट. आज आपण तो १.७५ असा लिहितो.

हा दुसरा अर्धा भाग कुठून आला, यातच सरांच्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहिते.

जड वस्तूजवळ दोन गोष्टी होतात. पहिली, घड्याळं हळू चालतात. समुद्रसपाटीवर एक घड्याळ ठेवा आणि कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, तसंच दुसरं. माथ्यावरचं घड्याळ वर्षाला साधारण पावणेसहा मायक्रोसेकंद पुढे जाईल. घड्याळात बिघाड नाही. माथ्यावर काळच तेवढा जास्त सरतो, माणसाच्या वयासकट. दुसरी, जड वस्तूजवळ जागाच आपल्या भूमितीप्रमाणे वागत नाही. शाळेत परिघाला २π ने भागलं की त्रिज्या मिळते. सूर्याच्या विषुववृत्ताचा परीघ मोजून त्याला २π ने भागलं, आणि कोणी खरोखर पृष्ठभागापासून केंद्रापर्यंत फूटपट्टी लावत गेलं, तर फूटपट्टीचं अंतर जास्त भरेल. घनता आतबाहेर सारखी धरली तर सूर्यासाठी ते सुमारे अर्धा किलोमीटर जास्त, पृथ्वीसाठी दीड मिलिमीटर. आत जागा जास्त आहे.

चादर फक्त ही दुसरी गोष्ट दाखवते, जागेची. आणि आंबा झाडावरून पडतो तो जवळजवळ पूर्णपणे पहिल्या गोष्टीमुळे, काळामुळे. कारण असं: आपण सगळे काळात सतत पुढे जातोय. एक सेकंद काळ आणि तीन लाख किलोमीटर अंतर हे निसर्गाच्या हिशेबात सारखं माप आहे. देठापासून सुटलेला आंबा पहिल्या सेकंदात काळात तीन लाख किलोमीटरइतका पुढे जातो आणि जागेत जेमतेम पाच मीटर. त्याचा प्रवास म्हणजे काळातलाच प्रवास. साहजिकच त्याच्या मार्गावर काळाच्या वाकडेपणाचा परिणाम होतो, जागेच्या वाकडेपणाशी त्याचा संबंध नावापुरता. तेव्हा चादरीखाली कोणी ओढत नाही. ओढणारं कोणीच नाही. वर काळ किंचित जलद आणि खाली किंचित संथ आहे, आणि अशा काळातून सरळ जायचं म्हणजेच खाली यायचं.

प्रकाशाचं तसं नाही. एका सेकंदात तो जागेतही पूर्ण तीन लाख किलोमीटर जातो. काळ आणि जागा दोन्ही त्याला सारख्याच मापाने भेटतात. काळाच्या वाकडेपणाने ०.८७, जागेच्या वाकडेपणाने आणखी ०.८७. (सोल्डनर आणि १९११ चे आइनस्टाइन यांचे आकडे किंचित कमी आहेत, कारण त्यांनी घेतलेली सूर्याची मापं थोडी वेगळी होती.)

लिफ्टमध्ये फक्त पहिला भाग सापडतो. लिफ्ट लहान असते, तेवढ्याशा जागेत भूमितीचा फरक कळत नाही. आइनस्टाइनला १९११ मध्ये अर्धाच आकडा मिळाला तो यामुळे.

खडूफळा

उत्तररात्र ताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. "चादर जागा दाखवते आणि आंबा काळामुळे पडतो" हे वाक्य वहीत लिहून घेतलं. पण वर्गात दाखवू काय? चादरीला पर्याय हवा.

उत्तररात्र

तुमच्या शाळेत लेझीम पथक असेलच. आठ-दहा मुलं खांद्याला खांदा लावून एका सरळ ओळीत उभी करा, ताल एकच. डावीकडच्या मुलाला सांगा, पाऊल थोडं आखूड टाक. त्याच्या शेजारच्याने त्याहून जरा मोठं, असं करत उजवीकडच्याने पूर्ण पाऊल टाकायचं. कोणीही कोणाला ढकलायचं-ओढायचं नाही, वळायला सांगायचं नाही. ओळ आपोआप डावीकडे वळेल.

प्रकाशाची लाटही अशीच एक ओळ असते. सूर्याजवळच्या टोकाला काळ संथ, आणि तिथे जागाही जास्त, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते टोक मागे पडताना दिसतं. काळामुळे पाऊल जितकं आखूड होतं, तितकंच ते जागेमुळे पुन्हा आखूड होतं. म्हणून वळणं दुप्पट. आणि कोण ओढतंय हा प्रश्नच उरत नाही, मुलांना ते स्वतःच्या पायांनी कळेल.

(अगदी त्या ठिकाणी उभं राहून मोजलं तर प्रकाशाचा वेग तिथेही तोच भरतो. मागे पडणं हे लांबून केलेल्या हिशेबातलं आहे. हुशार मुलगी हे विचारेल, तयारी ठेवा.)

चार्ल्सकाठ

घड्याळाच्या मुद्द्याला जोडून. मी अमेरिकेत बॉस्टनजवळ राहतो. इथल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या जेफरसन प्रयोगशाळेत एक मनोरा आहे, वरखाली अंतर फक्त २२.५ मीटर. १९६० मध्ये रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी तिथे गॅमा किरणांची कंपनसंख्या खाली आणि वर मोजून फरक पकडला, एकावर १५ शून्यं एवढ्या भागांत अडीच भाग. म्हणजे सात मजली इमारतीच्या तळाशी काळ संथ चालतो हे तेव्हाच मोजलं गेलं होतं. पुढे २०१० मध्ये कोलोरॅडोतल्या शास्त्रज्ञांनी दोन अणुघड्याळांतलं उंचीचं अंतर ३३ सेंटिमीटरवर आणलं, तरी फरक दिसला. मुंबईतून इथे येऊन मला १९ वर्षं झाली, आणि त्या इमारतीवरून मी रोज जातो. पाहुणे आले की आधी तिथेच नेतो.

मोजणीदार

आमचा धंदा जमीन मोजणीचा. आता साखळी गेली, रोव्हर आला, म्हणजे जीपीएस उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र. उपग्रहांची घड्याळं सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे ती दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेगामुळे ७ मागे पडतात, निव्वळ ३८ पुढे. एवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. म्हणून जीपीएसच्या घड्याळांचा मूळ ठोका १०.२३ मेगाहर्ट्झ न ठेवता जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ करून पाठवतात, वर गेल्यावर तो बरोबर बसतो. प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मी फक्त आकडा पाठ केला होता. बांधावरच्या दोन भावांच्या भांडणात आपण ज्या यंत्राचा शब्द शेवटचा मानतो, त्याच्या पोटात हा हिशेब आहे, हे आज नीट कळलं.

पेरणी

मी शेती करतो, शास्त्राचा विद्यार्थी नाही. एक विचारायचं होतं. १९१९ च्या ग्रहणात हे सिद्ध झालं असं ऐकून होतो, म्हणून तारीख पाहिली, २९ मे. आमच्या घरात पंचांग पाहूनच पेरणीची तयारी होते. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत जातो, मग मृग, मग आर्द्रा. रोहिणीचा पाऊस पडला की मशागत उरकायची. म्हणजे त्या दिवशी सूर्य रोहिणीत होता. मग रोहिणीचे तारे त्याच्या पाठीमागेच असणार. तेच तारे त्यांनी पाहिले का?

उत्तररात्र

पेरणी दादा, तेच तारे! इतकी वर्षं शिकवतेय, पण हा धागा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. इंग्रजी पुस्तकांत त्या तारकागुच्छाचं नाव हायडीज असतं. आपल्याकडे वृषभेतला रोहिणीचा तांबूस तारा ओळखतात ना, त्याच्याभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखा जो गुच्छ दिसतो, तोच हा. २९ मेला सूर्य दरवर्षी त्याच्या जवळून जातो. एरवी सूर्यामागचे तारे दिसत नाहीत. खग्रास ग्रहणात काही मिनिटं दिसतात, पण सूर्याभोवती ठळक तारे असतीलच असं नाही. २९ मेला ते असतात, आणि १९१९ मध्ये नेमकं त्याच दिवशी लांबलचक खग्रास ग्रहण आलं.

ब्रिटनचे राजज्योतिषी फ्रँक डायसन यांनी हे आधीच हेरलं होतं. दोन तुकड्या गेल्या. आर्थर एडिंग्टन आणि एडविन कॉटिंगहॅम आफ्रिकेच्या पश्चिमेच्या प्रिन्सिपे बेटावर, अँड्र्यू क्रॉमेलिन आणि चार्ल्स डेव्हिडसन ब्राझीलमधल्या सोब्राल गावी. प्रिन्सिपेवर त्या दिवशी सकाळी धो धो पाऊस. दुपारी दीडच्या सुमारास सूर्य ढगांतून थोडा दिसू लागला, आणि सव्वादोनला खग्रास स्थिती, पाच मिनिटं दोन सेकंद. एडिंग्टन कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचा बदलण्यात इतके गुंतले होते की ग्रहण सुरू झालं का आणि मधे ढग किती आहेत, एवढं बघण्यापुरतीच त्यांनी मान वर केली. १६ छायाचित्रं काढली, उपयोगी तारे मिळाले जेमतेम दोन काचांवर, प्रत्येकी पाच.

मोजायचं काय होतं? तारा सूर्याजवळ असताना आणि सूर्य तिथे नसताना, अशा दोन छायाचित्रांत त्याची जागा किती सरकली ते. १.७५ विकला म्हणजे दहा रुपयांचं नाणं तीन किलोमीटरहून जास्त अंतरावरून जेवढं दिसेल तेवढं. काचेवर हे सरकणं मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. सूर्य नसतानाचे फोटो घ्यायला सोब्रालची तुकडी दोन महिने ब्राझीलमध्येच थांबली. जुलैत सूर्य पुढे सरकल्यावर रोहिणी पहाटे पूर्वेला दिसू लागली, तेव्हा त्याच दुर्बिणींनी पुन्हा तेच आकाश टिपलं. पेरणी दादांना याचं वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

तागडी

या ग्रहणाबद्दल एक गंभीर आक्षेप नेहमी वाचनात येतो. एडिंग्टन आइनस्टाइनच्या बाजूचेच होते, आणि नको ते आकडे वगळून त्यांनी हवा तो निकाल काढला. यात तथ्य किती? मला कोणाला कमी लेखायचं नाही, पण मुलांना "सिद्ध झालं" असं सांगण्याआधी हे कळायला हवं.

उत्तररात्र

रास्त प्रश्न. आकडेच मांडते. सोब्रालच्या चार इंची दुर्बिणीवर सात तारे स्वच्छ आले, निकाल १.९८. प्रिन्सिपे १.६१, पण त्यात चूक ०.३० पर्यंत संभवत होती. सोब्रालच्या दुसऱ्या, मोठ्या दुर्बिणीचा निकाल ०.९३, म्हणजे न्यूटनच्या आकड्याजवळचा. हा तिसरा निकाल त्यांनी बाजूला ठेवला, आणि आक्षेप आहे तो त्यावरच.

बाजूला ठेवायला कारण होतं. त्या दुर्बिणीत तारे ठिपक्यांसारखे न येता फिसकटलेले आले होते. उन्हाने आरसा तापून फोकस बिघडला, असं त्याच तुकडीने ग्रहणाच्या दिवसांतच नोंदवलं होतं, आकडे काढण्याच्या कितीतरी आधी. शिवाय त्या काचांचा निर्णय डायसन यांच्या हाताखाली झाला, एडिंग्टन यांच्या नाही, आणि डायसन आइनस्टाइनचे भक्त नव्हते. १९७९ मध्ये ग्रिनिच वेधशाळेत त्याच जुन्या काचा नव्या यंत्रावर पुन्हा मोजल्या गेल्या, तेव्हा बिघडलेल्या दुर्बिणीचा आकडाही १.५५ आला.

तरी माझं स्वतःचं मत असं की १९१९ चा पुरावा "सिद्ध" म्हणण्याइतका भक्कम नव्हता. ६ नोव्हेंबर १९१९ ला लंडनच्या सभेत जाहीर झालं ते पहिलं पाऊल होतं. नंतर रेडिओ दुर्बिणींनी ग्रहणाची गरजच संपवली, कारण त्यांना सूर्य डोळ्यांवर येत नाही. कॅसिनी यान शनीच्या वाटेवर असताना २००२ मध्ये सूर्याच्या कडेने पृथ्वीशी रेडिओ संदेशांची देवाणघेवाण झाली, त्यावरून जागेच्या वाकडेपणाचा वाटा लाखात दोन-तीन भागांपर्यंत अचूक तपासला गेला. आणि २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणात डोनाल्ड ब्रन्स यांनी अमेरिकेत वायोमिंगमध्ये हौशी लोक वापरतात तशा लहान दुर्बिणीने १९१९ चाच प्रयोग पुन्हा केला. उत्तर आलं १.७५.

तागडी

धन्यवाद. फोकस बिघडल्याची नोंद आधीच होती, हे मला माहीत नव्हतं. माझा आक्षेप मागे घेतो.

करवीर

इथे नारळीकर पितापुत्रांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूरचा आहे, म्हणून अधिकच. विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवत होते तेव्हा प्र. चु. वैद्य त्यांच्याकडे आले, आणि १९४३ मध्ये प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याभोवतीचा अवकाश कसा असेल याचं उत्तर त्यांनी काढलं. ते आजही वैद्य यांच्याच नावाने ओळखलं जातं. कोलकात्याला त्याआधीच, १९२० मध्ये, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइनस्टाइनचे शोधनिबंध इंग्रजीत आणले होते. जयंतराव जन्मले कोल्हापुरातच, १९३८ मध्ये. पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था त्यांनी उभी केली, आणि हे सगळं मराठीत सांगता येतं हे आमच्या पिढीला त्यांच्यामुळे कळलं. मे २०२५ मध्ये ते गेले त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं होतं.

औंढेकर

मी हिंगोली जिल्ह्यातला. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, म्हणजे गुरुत्वीय लहरी, जागेतच उठणारे तरंग, टिपणारी वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले तेव्हापासून गावात चर्चा आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आत लेझर. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा ताणली जाते, दुसरी आखडते. पण माझी अडचण अशी: जागाच ताणली गेली तर तिच्यातला प्रकाशही ताणला जाईल. फूटपट्टीच ताणली गेली तर मोजणार कशाने?

उत्तररात्र

ही शंका घेतल्याशिवाय लायगो समजतच नाही. भुजेत आधीपासून असलेला प्रकाश जागेबरोबर ताणला जातो, हे खरं. पण लेझरमधून नवा प्रकाश सतत येत असतो, ताज्या मापाचा. त्याला आता लांब झालेल्या भुजेतून जाऊन यायला जास्त वेळ लागतो. दोन भुजांतून परतलेल्या लाटांचे शेंडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तीच नोंद. फूटपट्टीपेक्षा तो घड्याळाचा प्रयोग समजा.

१४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली लहर पकडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं (ज्यांतून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तू) एक झाली, उरलं ६२ पट, बाकी तीन सूर्य लहरी होऊन निघून गेले. १३० कोटी प्रकाशवर्षांवरून ती लहर इथे आली तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेची लांबी प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी बदलली. म्हणूनच तिथे रेल्वे, खाणी, मोठे कारखाने यांपासून लांबची, शांत जमीन लागते. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या यंत्रांपासून इतक्या दूर एक यंत्र आलं, की लहर आकाशात नेमकी कुठून आली हे कितीतरी नीट सांगता येईल. त्यात तुमच्या गावाचा वाटा मोठा असणार आहे.

तुमच्या आणि सरांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली आणि १.७ सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण. प्रवास १३ कोटी वर्षांचा, फरक दोन सेकंदांहून कमी. गुरुत्वाकर्षणाचा वेग म्हणजे प्रकाशाचाच वेग. सूर्य या क्षणी नाहीसा झाला तर आपल्याला अंधार पडायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतील, आणि पृथ्वीही तेवढा वेळ त्याच्याभोवती फिरत राहील.

खडूफळा

मंडळी, आज वर्गाबाहेर मैदानावर लेझीमची ओळ करून पाहिली. पहिल्या दोन वेळी फसली, मुलं हसत होती, पावलं जुळेनात. मग पायांऐवजी तालावर लक्ष द्यायला सांगितलं. तिसऱ्या वेळी ओळ वळली, कोणालाही न ढकलता. ती मुलगी स्वतः डाव्या टोकाला होती. वर्गात परतल्यावर तिला आंबा आणि काळ सांगितला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, पावलं अजून आखूड केली तर ओळ जागेवरच फिरत राहील?"

सुट्टी झाल्यावर तिने वही आणून दाखवली. मुक्तिवेगाचं सूत्र घेऊन वेगाच्या जागी प्रकाशाचा वेग घातला होता आणि पृथ्वीचं वस्तुमान तसंच ठेवून त्रिज्या काढली होती. उत्तर ८.९ मिलिमीटर. "सर, पृथ्वी एवढी दाबली तर प्रकाश बाहेर येणार नाही. त्या दिवशी तुम्ही चादरीवर सोडलेल्या गोटीएवढीच होते." हे बरोबर आहे का ताई? मी गणित तपासलं, चूक सापडली नाही.

उत्तररात्र

सर, बरोबर आहे. सूर्यासाठी करायला सांगा, तीन किलोमीटर येईल. आणि तिचा पहिला प्रश्नही बरोबर आहे, ओळ जागेवर फिरते. कृष्णविवराच्या त्या त्रिज्येच्या दीडपट अंतरावर, म्हणजे सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी साडेचार किलोमीटरवर, प्रकाश गोल फिरू शकतो. तिथला समतोल फार नाजूक, जरा ढळला की आत किंवा बाहेर. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं १० एप्रिल २०१९ ला प्रसिद्ध झालेलं चित्र तिला दाखवा. मधला काळा भाग आणि भोवतीचं तेजस्वी कडं याच वळलेल्या प्रकाशामुळे तसं दिसतं.

एक बारीक गोष्ट मात्र तिला सांगा, ती झेपेल तिला. मुक्तिवेगाच्या सूत्राने हीच त्रिज्या येते हा योगायोग आहे. इंग्लंडचे जॉन मिशेल यांनी १७८३ मध्ये हाच हिशेब केला होता. पण त्यांच्या, म्हणजे न्यूटनच्या चित्रात प्रकाश वर फेकलेल्या दगडासारखा थोडा वर जातो, थकतो आणि परत पडतो, त्यामुळे जवळ उभ्या असलेल्याला तो दिसू शकतो. आइनस्टाइनच्या चित्रात तो वर जातच नाही. त्या गोटीच्या आत "बाहेर" नावाची दिशाच उरत नाही, पुढचा प्रत्येक क्षण आतच नेतो. न्यूटन आणि आइनस्टाइन यांच्यात तिथे आकड्याचा फरक नाही, अर्थाचा आहे.